हॅम रेडिओचा आवाज जगाच्या दुसऱ्या टोकाला कसा पोहोचतो?

मे २०२४ मध्ये सूर्याकडून आलेल्या मोठ्या भूचुंबकीय वादळाच्या बातम्या आपल्याकडच्या वृत्तपत्रांतही ठळकपणे आल्या होत्या. लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशात पसरलेली तांबूस झळाळी टिपली आणि ती छायाचित्रे घरोघरी पाहिली गेली. त्याच बातम्यांमध्ये आणखी एक माहिती असे, ती म्हणजे या काळात लघुलहरींवरील, म्हणजेच शॉर्टवेव्हवरील रेडिओ संपर्क विस्कळीत झाल्याची. मोबाइल व्यवस्थित चालू असल्यामुळे बहुतेकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नसावे. परंतु सूर्यावरच्या उलथापालथीने रेडिओचा संपर्क तुटत असेल, तर एरवी तो संपर्क सूर्याच्याच आधाराने चालतो की काय, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. त्याचे उत्तर होकारार्थी आहे.

पुण्यातील एखाद्या गच्चीवर ताणलेली दहा मीटर लांबीची तांब्याची तार, तिला जोडलेला १०० वॉटचा संच आणि समोर बसलेला एक माणूस, एवढ्या सामग्रीवर एखाद्या संध्याकाळी ब्राझीलमधून किंवा न्यूझीलंडमधून उत्तर येते. मध्ये उपग्रह नसतो, इंटरनेट नसते, कोणत्याही कंपनीचा मनोरा नसतो. ज्याला उत्तर मिळते त्यालाही ते मिळेल याची खात्री नसते. हा अनपेक्षित संपर्क नेमका कशामुळे घडतो आणि त्याला निव्वळ योगायोग का म्हणता येत नाही, हे समजावून देण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

हौशी रेडिओ, ज्याला जगभर हॅम रेडिओ म्हणतात, हा सरकारी परवाना घेऊन, कोणताही आर्थिक लाभ न मिळवता, प्रयोगासाठी आणि परस्पर संपर्कासाठी चालवला जाणारा बिनतारी संपर्क आहे. आकाशवाणी केंद्र बोलते आणि आपण ऐकतो. हॅम मात्र बोलतो आणि ऐकतोही. प्रत्येक परवानाधारकाला स्वतःचे संकेतनाम मिळते, भारतात ते बहुधा व्हीयू२ किंवा व्हीयू३ या अक्षर-अंकांनी सुरू होते. 'सीक्यू' अशी हाक दिली की तिचा अर्थ 'कोणीही उत्तर द्या' असा होतो. दूरच्या, विशेषतः परदेशातील केंद्राशी झालेल्या संपर्काला हॅम मंडळी डीएक्स म्हणतात, आणि या छंदातील सर्वांत मोठी ओढ त्याचीच असते.

पृथ्वी गोल आहे, मग लहर पोहोचते कशी?

रेडिओलहरी प्रकाशाप्रमाणेच सरळ रेषेत जातात. जमिनीपासून दहा मीटर उंचीवर लावलेल्या अँटेनाचे क्षितिज जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवर संपते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच जागी, कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच शिखरावर उभे राहिले, तरी डोळ्यांचे क्षितिज सुमारे १४५ किलोमीटरवर असते आणि रेडिओचे त्याहून थोडेसेच पुढे. त्यापलीकडे पृथ्वीचा फुगवटा आड येतो. मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये हा फुगवटा एवढा मोठा आहे की सरळ जाणारी लहर लंडनच्या डोक्यावरून हजारो किलोमीटर उंचावरून अवकाशात निघून जायला हवी.

म्हणूनच १२ डिसेंबर १९०१ रोजी गुलिएल्मो मार्कोनी यांनी इंग्लंडमधील पोल्धू येथून निघालेला संकेत अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे, सुमारे ३,५०० किलोमीटरवर, ऐकल्याचे जाहीर केले तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. त्या दिवशी मोर्स या टिंब-रेषांच्या सांकेतिक लिपीतील तीन टिंबे खरोखर ऐकू आली की तो वातावरणातील खरखराट होता, याबद्दल अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. मात्र पुढच्याच वर्षी जहाजावरून केलेल्या प्रयोगात दूरचे संकेत पोहोचतात, आणि दिवसापेक्षा रात्री कितीतरी अधिक अंतरावर पोहोचतात, हे मार्कोनींनी निःसंशय दाखवून दिले. १९०२ मध्येच अमेरिकेत आर्थर केनेली आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे असा तर्क मांडला की वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतवाहक थर असला पाहिजे आणि तोच या लहरींना खाली परतवत असला पाहिजे. या तर्काला प्रत्यक्ष पुरावा मिळायला बावीस वर्षे लागली. १९२४ च्या अखेरीस एडवर्ड ॲपल्टन आणि माइल्स बार्नेट यांनी इंग्लंडमध्ये या थराची उंची मोजून दाखवली आणि त्या कामाबद्दल ॲपल्टन यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र यांनी याच थरांच्या संशोधनाची परंपरा उभी केली.

निरुपयोगी समजलेल्या लहरी

या इतिहासातील सर्वांत लक्षणीय भाग शास्त्रज्ञांकडून नव्हे, हौशी मंडळींकडून घडला आणि तो थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तज्ज्ञांची अशी ठाम समजूत होती की लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते. त्यामुळे व्यापारी आणि सरकारी केंद्रे हजारो मीटर तरंगलांबीच्या लहरी, प्रचंड मनोरे आणि शेकडो किलोवॉटची यंत्रे वापरत. १९१२ च्या अमेरिकी कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून लहान तरंगलांबीच्या लहरींवर ढकलले. या लहरी जवळच्या अंतरापलीकडे कामाच्या नाहीत, असे गृहीत धरले गेले होते. ज्यांना त्या मिळाल्या त्यांनी मात्र त्या वापरून पाहिल्या. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकी हौशी खास त्यासाठी स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे जाऊन तंबूत ऐकत बसला आणि अमेरिकेतील अनेक हौशी केंद्रांचे संकेत त्याला तेथे मिळाले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेओं देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्यात सुमारे शंभर मीटरच्या लहरींवर अटलांटिकपार दुतर्फी संभाषण झाले. त्यांच्याकडे असलेली शक्ती मोठ्या व्यापारी केंद्रांच्या तुलनेत नगण्य होती.

आणि मग १८ ऑक्टोबर १९२४ चा दिवस आला. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ओटागो प्रांतातील शॅग व्हॅली येथे मेंढ्यांच्या एका मोठ्या फार्मवरील घरात फ्रँक बेल या तरुणाने आपले केंद्र थाटले होते. त्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास त्याने मोर्समध्ये हाक पाठवली आणि तिला उत्तर आले ते लंडनमधून. मिल हिल स्कूल या शाळेच्या केंद्रावर सेसिल गॉयडर नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी बसला होता. न्यूझीलंडच्या बरोबर खाली, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला स्पेन येतो. म्हणजे इंग्लंड आणि न्यूझीलंड हे अंतर पृथ्वीवर शक्य असलेल्या सर्वांत मोठ्या अंतराच्या जवळपास आहे, अठरा हजार किलोमीटरांहून अधिक. दोघांनीही ज्या लहरी वापरल्या त्या शंभर मीटरच्या आसपासच्या, म्हणजे काही वर्षांपूर्वी टाकाऊ ठरवलेल्या लहरी होत्या.

या गॉयडरचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९३६ मध्ये तो ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून भारतात आला आणि दहा वर्षे त्या पदावर राहिला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील लघुलहरी प्रक्षेपक त्याच काळात उभे राहिले. रेडिओसंचावर शॉर्टवेव्हची सुई फिरवून मुंबई केंद्र ऐकणाऱ्या आपल्या आजोबांच्या पिढीला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, परंतु त्या केंद्रामागे एका शाळकरी मुलाने बारा-तेरा वर्षांपूर्वी ऐकलेला न्यूझीलंडचा तो क्षीण संकेत उभा होता, असे मला नेहमी वाटते.

आकाशात लहर वळते कशी?

जमिनीपासून साधारण ६० किलोमीटर उंचीपासून पुढे कित्येकशे किलोमीटरपर्यंत हवा अतिशय विरळ असते. तेथे सूर्याचे अतिनील किरण आणि क्ष-किरण हवेच्या कणांमधील इलेक्ट्रॉन सुटे करतात. अशा सुट्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या भागाला आयनांबर म्हणतात. रेडिओलहर तेथे आदळून उसळी मारते असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते, पण प्रत्यक्षात ती हळूहळू वळते. शाळेच्या कवायतीत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चालणारी मुलांची आडवी रांग डोळ्यांसमोर आणावी. रांगेच्या एका टोकाची मुले मोठी पावले टाकू लागली आणि दुसऱ्या टोकाची तशीच राहिली, तर कोणीही आज्ञा न देता सगळी रांग लहान पावलांच्या बाजूला वळते. तिरप्या वर चढणाऱ्या लहरीच्या आघाडीचा वरचा भाग अधिक इलेक्ट्रॉन असलेल्या थरात आधी शिरतो आणि तेथे आघाडीचा तो भाग अधिक वेगाने पुढे सरकतो. त्यामुळे सगळी आघाडी खाली कलू लागते आणि शेवटी जमिनीच्या दिशेने परतते.

किती वळायचे हे लहरीच्या वारंवारितेवर, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांवर अवलंबून असते. वारंवारिता जितकी जास्त तितकी लहर कमी वळते आणि एका मर्यादेपलीकडे ती थर भेदून अवकाशात निघून जाते. दूरचित्रवाणीच्या उपग्रहांच्या लहरी म्हणूनच आयनांबर पार करू शकतात. वारंवारितेची ही वरची मर्यादा स्थिर नसते, ती तासातासाला सरकत राहते. या लेखातील उरलेला सगळा विषय त्या सरकण्यातून निर्माण होतो.

आयनांबराचे तीन थर लक्षात ठेवले तरी पुरे. सर्वांत खालचा, ६० ते ९० किलोमीटरांवरचा डी थर हा अडथळा आहे. तेथे हवा तुलनेने दाट असल्यामुळे कमी वारंवारितेच्या लहरींची ऊर्जा तो शोषून घेतो. मात्र सूर्य मावळला की तो थोड्याच वेळात नाहीसा होतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर ई थर असतो. आणि २०० ते ४०० किलोमीटरांवर एफ थर असतो, ज्याच्यावर दूरचा संपर्क मुख्यतः विसंबून असतो. तेथे हवा इतकी विरळ असते की सुटे झालेले इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंना सहज सापडत नाहीत, म्हणून हा थर रात्रभर टिकतो. एफ थरातून वळून आलेली लहर एका झेपेत सुमारे चार हजार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. जमिनीवर, विशेषतः समुद्रावर उतरल्यावर ती पुन्हा वर परावर्तित होते आणि दुसरी झेप घेते. मुंबई ते लंडन हे सुमारे ७,२०० किलोमीटर अंतर अशा दोन झेपांत कापता येते.

आता बेल आणि गॉयडर यांच्याकडे पुन्हा पाहिले तर त्या संपर्कातील गूढ बरेचसे उलगडते. न्यूझीलंडमध्ये संध्याकाळ आणि लंडनमध्ये सकाळ होत असताना त्या दोघांमधला पॅसिफिक महासागर, अमेरिका खंड आणि अटलांटिक हा सगळा पट्टा रात्रीत होता. भारतात त्या वेळी साधारण मध्यान्ह होती, आणि आपल्या बाजूने येऊ पाहणारी लहर डी थराने गिळून टाकली असती. रात्रीच्या बाजूला मात्र डी थर नव्हता आणि एफ थर शाबूत होता. दोघांनाही हे ठाऊक असणे शक्य नव्हते, कारण आयनांबराची उंचीसुद्धा तोवर कोणी मोजलेली नव्हती.

ऑस्ट्रेलिया ऐकू येतो आणि पुणे का नाही?

नव्या श्रोत्याला सर्वाधिक चकित करणारी ही गोष्ट आहे. मुंबईतील हॅम २० मीटरच्या, म्हणजे साधारण तेवढ्या तरंगलांबीच्या, पट्ट्यावर ऑस्ट्रेलियाशी स्वच्छ बोलत असतो आणि त्याच क्षणी पुण्यातील मित्राला तो अजिबात ऐकू येत नाही. संच बिघडला असावा असे अनेकांना वाटते.

जमिनीलगत जाणारी लहर थोड्याच किलोमीटरांत विरून जाते, सह्याद्री आडवा असेल तर त्याहूनही लवकर. जी लहर वर जाते ती किती उभी चढते यावर तिचे भवितव्य ठरते. फार उभी चढली तर पुरेशी वळू न शकल्याने ती अवकाशात जाते, तिरपी चढली तर परत येते, पण हजार-दीड हजार किलोमीटर पुढे. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात शांतता असते. पुणे त्या पट्ट्यात येते, पर्थ येत नाही. पुण्याशी बोलायचे असेल तर ४० किंवा ८० मीटरच्या, म्हणजे अधिक लांब आणि म्हणून कमी वारंवारितेच्या लहरींच्या पट्ट्यावर जावे लागते, कारण त्या लहरी जवळजवळ उभ्या गेल्या तरी वळून खाली येतात.

अनपेक्षितपणा नेमका कोठून येतो?

हे सर्व नियम ठाऊक असतील तर संपर्क अनपेक्षित कसा, ही शंका रास्त आहे. संगणकावर उद्याच्या संपर्काचा अंदाज मिळतो आणि तो पुष्कळदा खराही ठरतो. पण तो अंदाज सरासरीचा असतो. आयनांबर दिवसागणिक, कधी तासागणिक बदलते आणि सरासरीपासून दूर गेलेल्या त्या थोड्या वेळांतच विलक्षण संपर्क घडतात.

बदलाचे पहिले कारण सूर्य. सुमारे ११ वर्षांच्या चक्रात सूर्यावरील डाग वाढतात आणि कमी होतात. डाग अधिक असतात तेव्हा अतिनील किरण अधिक येतात, एफ थर दाट होतो आणि एरवी अवकाशात निसटणाऱ्या वारंवारिताही वळू लागतात. सध्याचे, क्रमाने पंचविसावे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि २०२४ मध्ये ते शिखराच्या टप्प्यात होते. चक्राच्या तळाशी असताना १० मीटरचा पट्टा महिनोन्‌महिने मुका राहतो आणि शिखराच्या वर्षांत त्याच पट्ट्यावर पाच-दहा वॉटमध्ये खंड ओलांडता येतात. ज्यांनी तळाच्या वर्षांत परवाना घेतला आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून संच गुंडाळून ठेवला, त्यांच्याबद्दल मला फार हळहळ वाटते.

मात्र हाच सूर्य संपर्क तोडतोही, आणि दोन निरनिराळ्या मार्गांनी. सौरज्वाला भडकली की तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात, डी थर एकाएकी दाट होतो आणि पृथ्वीच्या ज्या बाजूला दिवस असतो तेथील लघुलहरी काही मिनिटांपासून तास-दोन तासांपर्यंत गप्प होतात. भूचुंबकीय वादळ मात्र सूर्यावरून निघालेल्या भारित कणांच्या लोंढ्यामुळे एक ते तीन दिवसांनी येते आणि एफ थरच विस्कटून टाकते. मे २०२४ मध्ये हे दोन्ही प्रकार घडले.

दुसरे कारण सूर्योदय आणि सूर्यास्ताची वेळ. दिवस आणि रात्र यांच्या सीमेवरील संधिप्रकाशाच्या पट्ट्यात डी थर विरलेला किंवा अजून तयार न झालेला असतो, पण एफ थर भरलेला असतो. ही स्थिती कधी कधी दहा-पंधरा मिनिटेच टिकते. त्या अवधीत जगाच्या दुसऱ्या टोकाचे, जेथे त्याच वेळी उलट बाजूचा संधिप्रकाश असतो, केंद्र एकदम स्पष्ट होते आणि तितक्याच झपाट्याने विरून जाते.

तिसरे कारण ई थरात अधूनमधून तयार होणारे तुटक, दाट ढग. जळून गेलेल्या उल्कांमधील लोह आणि मॅग्नेशियम यांसारख्या धातूंचे आयन तेथे तरंगत असतात आणि उंचावरील वाऱ्यांच्या परस्परविरोधी प्रवाहांमुळे ते एक-दोन किलोमीटर जाडीच्या पातळ थरात गोळा होतात. असा ढग असेपर्यंत ६ मीटरच्या पट्ट्यावर, जेथे एरवी क्षितिजापर्यंतच पोहोचता येते, दोन हजार किलोमीटरवरचे केंद्र शेजारच्या गल्लीतून बोलावे इतके स्पष्ट येते. ढग कोठे आणि कधी तयार होईल याचे भाकीत अजून नीट करता येत नाही.

चौथे कारण आपल्या किनाऱ्याशी निगडित आहे आणि त्याचा आयनांबराशी काही संबंध नाही. उन्हाळ्यात अरबस्तानाच्या वाळवंटावरून येणारी उष्ण, कोरडी हवा अरबी समुद्रावरील गार, दमट हवेवर पसरते. उंचीबरोबर तापमान कमी होण्याऐवजी वाढते आणि बाष्प एकदम घटते. या दोन थरांच्या सीमेखाली अतिउच्च वारंवारितेच्या लहरी अडकतात आणि समुद्राच्या पृष्ठभागालगत वक्र मार्गाने दूरवर वाहत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळ बसवलेल्या रडारला समुद्रापलीकडील अरबस्तानाच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी हजार मैलांहून अधिक अंतरावरून मिळाल्याची नोंद आहे, आणि रेडिओविज्ञानात ते एक नामांकित उदाहरण मानले जाते. पावसाळ्यापूर्वी कोकण किनाऱ्यावर एफएम रेडिओचे बटण फिरवताना अरबी भाषेतील केंद्र लागले तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

शेवटी भारताच्या भौगोलिक स्थानाचा उल्लेख करायलाच हवा. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. म्हणूनच तिरुअनंतपुरमजवळील थुंबा हे ठिकाण अग्निबाणांच्या प्रयोगांसाठी निवडले गेले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण सोडला गेला. दिवसा या चुंबकीय विषुववृत्तावरील इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून उत्तर व दक्षिणेकडे ओघळून दोन्ही बाजूंना सुमारे १५ अंशांवर दाट पट्टे तयार करतात. उत्तरेकडील पट्टा मध्य भारतावर येतो. या दोन पट्ट्यांचा आधार घेऊन लहर विषुववृत्त एका लांबलचक झेपेत ओलांडते आणि मध्ये जमिनीला स्पर्शही करत नाही. १९४७ च्या सुमारास हा मार्ग प्रथम लक्षात आला तोही ६ मीटरच्या पट्ट्यावर ऐकत बसलेल्या हौशी मंडळींच्याच.

एवढ्याशा शक्तीत हे कसे शक्य आहे?

मार्ग उघडा असेल तर शक्तीचे महत्त्व आपल्या कल्पनेपेक्षा बरेच कमी असते. याची खात्री ज्याला स्वतः करून घ्यायची असेल त्याने १४.१०० मेगाहर्ट्झवर मोर्स ऐकण्याच्या सोयीचा संच लावावा. जगभरात मांडलेल्या १८ स्वयंचलित केंद्रांसाठी या वारंवारितेवर दहा-दहा सेकंदांची पाळी ठरलेली आहे आणि तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते. त्यांपैकी एक श्रीलंकेत आहे. प्रत्येक केंद्र आपले संकेतनाम १०० वॉटवर पाठवते आणि नंतर चार लांब सूर देते: १०० वॉट, १० वॉट, १ वॉट आणि शेवटी ०.१ वॉट. चांगल्या दिवशी हजारो किलोमीटरवरच्या केंद्राचा शेवटचा सूरही ऐकू येतो. विजेरीच्या छोट्या बल्बला लागते त्याहून कमी अशी ही शक्ती आहे.

मार्ग तितका चांगला नसेल तेव्हा संदेशाची पद्धत उपयोगी पडते. मानवी आवाजाला साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झ रुंदीची जागा लागते, मोर्सला शे-दोनशे पुरते. जागा जितकी अरुंद तितका त्यात शिरणारा गोंगाट कमी. २०१७ मध्ये नोबेल विजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी-८ ही संगणकीय पद्धत तयार केली. तीत पंधरा सेकंदांच्या पाळीत केवळ संकेतनाम, ठिकाण आणि संकेताची ताकद एवढेच पाठवले जाते, त्यामुळे कानाला जेथे काहीच ऐकू येत नाही तेथूनही संगणक संदेश वेचून काढतो. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत आटोपणाऱ्या या देवाणघेवाणीला संभाषण म्हणावे का, यावर हॅम मंडळींत वाद आहे. माझ्या मते मार्ग उघडला आहे हे कळण्यासाठी तिच्याइतके चांगले साधन नाही, आणि मार्ग कळल्यावर बोलायला कोणी मनाई केलेली नाही.

शहरातील खरी अडचण निराळीच आहे. स्वस्त एलईडी दिव्यांचे, चार्जरचे आणि इन्व्हर्टरचे विद्युत-गोंगाट एवढे वाढले आहेत की आपला आवाज दूर पोहोचतो, पण दूरचा आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही.

संपर्क झाला याचा पुरावा काय?

दोन्ही बाजूंनी एकमेकांचे संकेतनाम आणि संकेताची प्रत दर्शवणारे आकडे बरोबर घेतले आणि परत पाठवले तरच संपर्क पूर्ण मानला जातो. एकाने दुसऱ्याला नुसते ऐकले तर तो संपर्क धरला जात नाही. तारीख, जागतिक वेळ आणि वारंवारिता नोंदवहीत लिहिली जाते आणि मग संपर्काची पुष्टी करणारे, क्यूएसएल नावाचे कार्ड टपालाने पाठवण्याची प्रथा आहे. आता हे काम बरेचसे संगणकावर होते, तरी दूरच्या बेटावरून आलेले छापील कार्ड जपून ठेवणारे अनेक जण आहेत.

मोबाइल असताना याची गरज काय?

रोजच्या कामासाठी गरज नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे. लघुलहरींवर गोपनीयता नाही, वेग नाही आणि ठरलेल्या वेळी संपर्क होईलच याची हमीही नाही. परंतु या मार्गाला मध्ये कोणतीही यंत्रणा लागत नाही, आणि यंत्रणा कोसळते तेव्हा या गोष्टीचे मोल कळते. १९९३ च्या लातूर-किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळींनी तेथे बिनतारी संपर्काचे काम केले होते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक चमू पोर्ट ब्लेअरहून केंद्र चालवत होता. हेतू अंदमानसारख्या दुर्मीळ ठिकाणाहून जगाला संपर्काची संधी देण्याचा, म्हणजे शुद्ध छंदाचा होता. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप आणि त्सुनामीने बेटांवरील दळणवळण तोडले आणि ज्या संचांवरून आदल्या रात्रीपर्यंत परदेशी हौशींशी गप्पा चालल्या होत्या, त्याच संचांवरून मुख्य भूमीशी बेपत्ता लोकांची आणि मदतीची माहिती जाऊ लागली. केंद्र तयार होते आणि ते चालवणाऱ्यांना मार्ग केव्हा कोठे उघडतो याचा सराव होता.

महाराष्ट्रातून सुरुवात कशी करावी?

परवान्यासाठी वयाची १२ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. प्राथमिक श्रेणीसाठी तीत प्राथमिक विद्युतशास्त्र, रेडिओचे तत्त्व आणि नियम एवढाच भाग असतो. प्राथमिक श्रेणीच्या परवान्यात ५० वॉटपर्यंत आणि वरच्या श्रेणीत ४०० वॉटपर्यंत शक्ती वापरता येते. वर सांगितलेले बहुतेक सर्व ५० वॉटमध्ये साधते.

तोवर ऐकण्याचा सराव करावा. सकाळी सूर्योदयाच्या आधी आणि नंतर अर्धा तास ४० मीटरचा पट्टा, दुपारी १५ आणि १० मीटरचे पट्टे, संध्याकाळी सूर्यास्ताच्या सुमारास २० मीटरचा पट्टा, आणि मार्च-एप्रिल तसेच सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान ६ मीटरचा पट्टा लावून पाहावा. अँटेना घरातील दिव्यांपासून आणि चार्जरपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्यावी आणि ऐकलेल्या प्रत्येक संकेतनामासमोर वेळ लिहून ठेवावी. काही आठवड्यांनी ती वही चाळताना कोणता देश कोणत्या वेळी आणि कोणत्या पट्ट्यावर येतो हे दिसू लागते, आणि जो देश त्या क्रमात कोठेच बसत नाही त्याच्या नोंदीजवळ थांबून त्या दिवशी सूर्यावर काय चालले होते ते पाहावे.